गाडी वर जात नाही

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकीला नाही. बायको तर माझ्या खिशातल्या काडीपेटीत किती काड्या उरल्या तेही न बघता सांगायची, पण हे तिलासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही. ती गेली. मी आता सत्तरीच्या पुढं आहे, नांदेडला लेकीकडं राहतो. सकाळी नदीकडं एक चक्कर मारतो, दुपारी पेपर वाचतो. लोक मला चांगला माणूस म्हणतात. मी ऐकून घेतो.

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. आणि एक गोष्ट आधीच बोलून ठेवतो — मला तुमची कीव नको. वाचता वाचता 'बिचारा ड्रायव्हर, हातावरचं पोट, करणार काय' असं कुठं मनात आलं, तर तिथंच थांबा. तसलं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगून बघितलंय. ते खरं नाही.

मूळचा मी मुदखेडचा. वडील रेल्वेत गँगमन होते. आमचं घर बौद्धांचं, वस्तीत खाकी कपडा अंगावर चढवणारा मी पहिला. नांदेडला एका सरदारजींच्या ट्रकवर गाडी शिकलो. माणूस तापट, चुकलं की मानेवर चापट मारायचे, पण हात असा बसवला की आजही मी डोळे मिटून गिअर टाकीन. पुढं लातूर जिल्हा नवा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं, नव्या जागा. टेबलं आधी आली, खुर्च्या नंतर. भाड्याच्या घरांवर ओल्या रंगाच्या पाट्या लागल्या. त्या धांदलीत मला एका ऑफिसात जीपवर घेतलं, रोजंदारीवर. वडील म्हणाले, "खाकी घातलीस, आता मान खाली घालू नगंस." मी घातली नाही. तो माज मला अजून आहे, लपवत नाही.

जिल्हा नवा, पण दुष्काळ जुनाच. दोन सालं पाऊस नीट झाला नव्हता. आमचे साहेब टंचाईचं काम बघायचे — कुठं विहीर आटली, कुठं टँकर लावायचा. मी त्यांना घेऊन दिवसभर फिरायचो. आता आमच्या कामातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. टँकर मंजूर करण्याआधी गावापर्यंत गाडी जाते की नाही हे बघावं लागे. ते बघायचं काम इंजिनिअरचं. पण इंजिनिअर पायथ्याशी उभा राहून रुमालानं मान पुसायचा आणि ड्रायव्हरकडं बघायचा. ड्रायव्हर म्हणाला जाते, तर जाते. न्हाई म्हणाला, की न्हाई. कागदावर सही इंजिनिअरची असायची, शब्द आमचा असायचा. या गोष्टीचा मला अभिमान होता. का नसावा? सह्या करणाऱ्यांना गिअर कुठला टाकायचा ते ठाऊक नव्हतं.

अहमदपूरच्या अंगाला बालाघाटाचे डोंगर आहेत. त्यातल्या एका डोंगराला लोक खापरमाळ म्हणतात. माथ्यावर चाळीसेक घरांची वाडी, नावच वरची वाडी. वाडीला जायला एक पायवाट, दगडांवरून चढत जाणारी. खाली पायथ्याला एक आड होता, त्यात थोडं पाणी टिकून होतं. वाडीच्या बाया दिवसातून तीन खेपा करायच्या — उतरायचं, आडावर बसायचं, दोन घागरी घेऊन चढायचं. तुम्ही कधी रिकाम्या हातानं डोंगर चढलात तरी धाप लागते. त्या दोन घागरी घेऊन चढत होत्या.

पण डोंगराला मागची बाजूही होती. तिकडून पूर्वी लाकडी कोळशाच्या गाड्या जायच्या तो जुना रस्ता होता, जंगलवाल्यांनी कधीच सोडून दिलेला. झुडपं माजली होती, मध्ये दगड आले होते, पण खालची जमीन पक्की. एकदा एका वनरक्षकाला सोडायला गेलो असताना मला तो दिसला आणि मी जीप घातली. थेट माथ्यावर निघालो, वाडीपासून जरा दूर. वनरक्षकाची पुढच्या महिन्यात बदली झाली. वाडीच्या लोकांच्या लेखी ती वाट कधीच बुजली होती, तिथून गाडी जाते हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो.

होळीच्या सुमारास साहेबांची मेहुणी आणि तिचा नवरा पुण्याहून आले. दोन दिवसांत कंटाळले. तो पाहुणा ओट्यावर चहा पीत हसून म्हणाला, "तुमच्या लातुरात बघायला आहे तरी काय? धूळ?" मी गाडी पुसत होतो. मला ते झोंबलं. खरंच झोंबलं. मी न विचारता बोललो, "हाय की सायब. लई हाय. चला, दाखवतो."

सुरुवात माझ्या तोंडून झाली. साहेबांनी हुकूम दिला नव्हता. ते फक्त "बघा, जमत असेल तर" म्हणाले आणि स्वतःही येऊन बसले.

मी त्यांना मागच्या वाटेनं खापरमाळावर नेलं. अंगावर येणारी झुडपं, एक चाक हवेत, मागं मेहुणीबाईंच्या किंकाळ्या आणि हसणं — आणि मग एकदम माथा. खाली सगळा मुलूख उघडा, आटलेले ओढे, काळी रानं. आणि सूर्य. दुष्काळात तो जास्त लाल दिसतो, धुळीमुळं. पुण्याचा पाहुणा उतरून उभा राहिला, मग माझ्याजवळ येऊन त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "मानलं बुवा." तो सूर्यास्त सुंदर होता. मी आज पश्चात्तापाचं सोंग आणून तो कुरूप होता असं म्हणणार नाही. मला फार आनंद झाला होता. सरकारी जीप, टंचाईचं डिझेल, आणि मी राजा.

पाचव्या दिवशी मीटिंग झाली. जिल्ह्याचे मोठे साहेब आले होते, पंधरा-वीस माणसं बसली होती. एकेका गावाचं नाव निघत होतं. वरच्या वाडीचं निघालं. इंजिनिअर म्हणाला, पायवाट आहे फक्त. मोठ्या साहेबांनी विचारलं, दुसरीकडून काही? इंजिनिअरनं दाराकडं बघितलं. दारात मी उभा होतो, हातात फायलींचा गठ्ठा. मोठ्या साहेबांनी मलाच विचारलं,

"काय रे, गाडी जाते का वर?"

इथंच मी घोटाळतो. इतकी वर्षं मनात हे सांगायचं म्हटलं की मी इथपर्यंत येतो आणि दुसरंच काही बोलायला लागतो. ऊन किती होतं, फायली किती जड होत्या. सरळ सांगतो.

मी म्हणालो, "न्हाई सायब. गाडी वर जात न्हाई."

आमच्या साहेबांनी समोरचा कागद उलटा केला, परत सुलटा केला. ते पाच दिवसांपूर्वी त्याच माळावर माझ्या शेजारच्या सीटवर होते. पण त्यांचं त्यांच्यापाशी. मला त्यांनी डोळा मारला नाही, पायावर पाय दिला नाही, आधी काही पढवलंही नाही. वाक्य माझं होतं.

का म्हणालो? जाते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — तू कधी गेलास? कोणाला घेऊन? मला कायम करण्याची फाईल साहेबांच्या टेबलावर होती. हे कारण सगळ्यांना पटेल असं आहे. पण हे अर्धंच. मोठे साहेब पुढं काही विचारणारच नव्हते, त्यांना आणखी तीस गावं उरकायची होती, हे मला तिथं उभ्या उभ्याच दिसत होतं. उरलेलं अर्धं असं — तो माळ माझा झाला होता. पाहुणे आले की साहेब आता मला बोलावणार होते, शेजारी बसवणार होते, "आमचा हा पठ्ठ्या" म्हणणार होते. टँकर जायला लागला की ती वाट चार टँकरवाल्यांची झाली असती. मग मी कोण? जीपवरचा रोजंदारी ड्रायव्हर. एवढ्यासाठी. हसा हवं तर.

वाडीचं नाव यादीतून खाली गेलं. जवळजवळ दोन महिने गेले. मी काय करत होतो? सफरी. आणखी तीनदा पाहुण्यांना घेऊन त्याच माळावर गेलो.

तिसऱ्या खेपेला झळा इतक्या होत्या की पाहुणे खाली उतरायला तयार होईनात. म्हणाले, आतूनच बघू. समोरच्या काचेवर धुळीचा थर होता. मी मागचा डबा काढला, पाण्याचा, आणि काच धुतली. अर्धा डबा ओतला असेल. पाणी बॉनेटवरून मातीत गेलं. मान वर केली तर पायवाटेवरून एक बाई माथ्यावर येऊन उभी होती, डोक्यावर घागरीवर घागर. चाळिशीची, काटक. तिचं नाव कोंडाबाई, ते मला नंतर कळलं. ती ओल्या मातीकडं बघत होती.

तिनं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं, मीही ओरडलो असतो. तिनं घागरी खाली ठेवल्यासुद्धा नाहीत. तशीच विचारती झाली, "बाबा, ही गाडी कुणीकडून आली रं? आमाला तर म्हनले गाडी येत न्हाई."

आता बघा, मीटिंगमध्ये एकदा घसरलो, ठीक. पण इथं? इथं विचार करायला वेळ होता. ती वाट बघत उभी होती. मी म्हणालो, "मावशी, जीप हलकी असती, ही येती. टँकर न्हाई येत. उलटंल."

"हाव का," ती म्हणाली. "तुला ठावं बाबा, आमाला काय कळतंय त्यातलं." आणि वाडीकडं गेली. पाहुण्यांना सूर्यास्त आवडला.

पुढच्या पंधरवड्यात एका सकाळी कोंडाबाई त्याच पायवाटेवर पडली. घागरींसकट. खुबा मोडला. वाडीच्या लोकांनी तिला बाजेवर घालून पायवाटेनं खाली आणलं, दोन तास लागले. मागच्या वाटेनं माझ्या जीपला वीस मिनिटं लागत. हे गणित मी करत नाही असं समजू नका.

बातमी ऑफिसात आली. साहेबांनी मला बोलावलं आणि खिडकीकडं बघत म्हणाले, "कुठून वाट काढता येते का बघ." मी म्हणालो, "बघतो सायब." आम्ही दोघंही त्या खोलीत फार चांगले वागलो.

दुसऱ्या दिवशी मी पहार घेतली, रोजगार हमीवरचे दोन गडी घेतले आणि टँकरच्या पुढं जीप घातली. खरं तर तीन दगड हलवायचे होते. पण तीन दगडांत रस्ता झाला असता तर लोकांनी विचारलं नसतं का — मग दोन महिने काय करून राहिला होतास? म्हणून मी एका वळणावर तासभर उगाच खणलं. जिथं काही नव्हतं तिथं. घाम गाळला, शर्ट काढून झाडाला टांगला. गड्यांना वाटलं हा माणूस जीव तोडून काम करतोय. मग टँकर वर गेला, दुसऱ्या गिअरमध्ये, आरामात.

वाडीनं बॉनेटला कुंकू लावलं, नारळ फोडला, मला फेटा बांधला. आणि वाडीच्या पाटलानं स्वतःच्या हातानं पितळी तांब्या भरून माझ्या हातात दिला. नुसतं एवढं वाचून तुम्हाला काही वाटणार नाही. त्या भागात तेव्हा आमच्या माणसाला पाणी वरून ओंजळीत ओतायचे. मी कुठला, कोण, त्यांना नावावरून कळलेलं होतं. तरी तांब्या हातात दिला. मी तो तोंडाला लावून प्यालो, सगळ्यांच्या देखत. तो तांब्या मला माणूस म्हणूनच मिळायला हवा होता, काही न करता. तो मिळाला खोट्याच्या बदल्यात. त्यासाठी मी कोणासमोर मान खाली घालणार नाही, पण खरं बोलून तो परत करायची छातीही मला झाली नाही. हे दोन्ही खरं आहे आणि एकानं दुसरं कमी होत नाही.

त्या दिवाळीला मी कायम झालो. शेऱ्यात लिहिलं होतं, टंचाईच्या काळात विशेष काम.

कोंडाबाई बरी झाली, पण पाय आखूड झाला. काठी आली ती मरेपर्यंत. आणि ऐका — माझी गोष्ट पसरवली तिनंच. जो भेटेल त्याला सांगायची, "जीप येत हुती, टँकर येत नव्हता. ह्या बाबानं डोंगर फोडून रस्ता केला." मी तिच्या तोंडात घातलेलं खोटं तिनं जन्मभर सांभाळलं. दर साली सुगीनंतर भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं एस.टी.च्या कंडक्टरकडं देऊन पाठवायची. माझी नांदेडला बदली झाली, तरी गाठोडं यायचंच. मी शेंगा परत पाठवल्या असतील असं वाटतंय का तुम्हाला? खाल्ल्या. भाजून, गुळासोबत, चवीनं खाल्ल्या. बायको म्हणायची, किती माया लावली तुम्ही त्या लोकांना.

पाच वर्षांपूर्वी कोंडाबाई गेली. मी मातीला गेलो होतो. तिथंही मला पुढं बसवलं. शेंगांचं गाठोडं तिच्यामागं घरच्यांनी चालूच ठेवलं.

आता हे एवढ्या वर्षांनी का काढलं? गेल्या महिन्यात फोन आला. कोंडाबाईची नात मीनाक्षी आता सरपंच आहे. हुशार बाई, फोनवर आवाजात दम. म्हणाली, "आजोबा, आपल्या माळावर आपून सूर्यास्त सफर सुरू करून राहिलो. उघड्या जीपा घेतल्यात, पुण्या-मुंबईची मानसं बुकिंग करतात. तुमच्या वाटेनंच नेणार. पहिली सफर तुमची. आन् वाटेला तुमचं नाव दिलंय, पाटी केलीय."

मी गेलो. नको म्हणता आलं असतं, तब्येतीचं सांगता आलं असतं. पण गेलो, कारण मला ती वाट बघायची होती. खोटं कशाला बोलू, मला पुढच्या सीटवरही बसायचं होतं.

वाट तशीच आहे. त्यांनी मुद्दामच डांबर घातलेलं नाही, लोकांना धक्के हवे असतात. मी ज्या वळणावर उगाच खणलं होतं तिथं अजून खड्डा आहे. जीप चालवणारा गडी पाहुण्यांना सांगत होता, इथं एक कडा होता, आजोबांनी पहारीनं फोडला. पाहुण्यांनी माझे फोटो काढले. माथ्यावर नळ आला आहे. त्याखाली एक बादली भरून वाहत होती आणि कोणी तिकडं बघतही नव्हतं. सूर्य तसाच, थोडा कमी लाल, कारण यंदा पाऊस बरा झालाय.

मीनाक्षीनं पाटीवरचं कापड काढायला दोरी माझ्या हातात दिली. मी ओढली. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात माझं नाव. मग ती म्हणाली, आजोबा, दोन शब्द बोला. सगळे माझ्याकडं वळले. पंधरा-वीस माणसं असतील, मीटिंगमध्ये होती तेवढीच. तिची आजी जिथं घागरी घेऊन उभी राहिली होती त्या जागेपासून मी दहा पावलांवर होतो.

मी म्हणालो, "रस्ता चांगला ठेवलाय." आणि खाली बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणजे बघा, सत्तरीनंतरही मी तोच. फायली हातात नव्हत्या, नोकरी नव्हती, साहेब केव्हाच वारलेले. भीती कोणाची होती? कोणाचीच नव्हती. तरी बोललो नाही.

म्हणून हे लिहून काढलं. लेक विचारते, दुपारभर काय लिहिता? मी सांगितलं, वाचशील तेव्हा कळेल. पहिली प्रत मी मीनाक्षीला टपालानं पाठवली आहे, नाव-पत्ता घालून, सही करून. आज सकाळी पेटीत टाकली, आता मागं घेता येणार नाही. तिनं पाटी ठेवावी की काढावी, ते तिनं आणि वाडीनं बघावं. मी विचारायला जाणार नाही. यंदा शेंगा येतील की नाही तेही मी बघत बसणार नाही.

मला फक्त त्या दारात परत एकदा उभं राहायचं होतं, फायलींचा गठ्ठा घेऊन, आणि विचारलेल्याचं उत्तर द्यायचं होतं.

जाते, साहेब. गाडी वर जाते. मागच्या बाजूनं वाट आहे, मी पाच दिवसांपूर्वीच जाऊन आलोय.